हिमसरोवरे फुटतात, खापर मात्र निसर्गाच्या माथी!

रायपूर : संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे साल ‘हिमनद्यांच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष’ म्हणून जाहीर केले आणि २१ मार्च हा दिवस हिमनद्यांसाठी राखून ठेवला. परिसंवाद भरले, ठराव झाले, बर्फाच्छादित शिखरांची रंगीत चित्रे छापली गेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीने सिक्कीममधील तीस्ता-३ हे धरण पुन्हा बांधण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका हिमसरोवराच्या लोंढ्याने वाहून नेले ते हेच धरण. पूर्वी त्याची उंची ६० मीटर होती. नवे धरण सुमारे ११८ मीटर उंच व्हावयाचे आहे. नदीकाठच्या जनतेची नव्याने जाहीर सुनावणी घेण्याची मात्र समितीला गरज भासली नाही. एका हाताने हिमनदीला हार घालावयाचा आणि दुसऱ्या हाताने तिच्या वाटेतच पुन्हा कंत्राट द्यावयाचे, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

या व्यवहाराला झाकण्यासाठी जो शब्द वापरला जातो, तो म्हणजे ‘निसर्गाचा कोप’. हा शब्द उच्चारला की प्रश्न संपतो, जबाबदारी संपते, आणि मेलेल्यांच्या वारसांना देण्याची रक्कम तेवढी जाहीर करावयाची उरते. म्हणूनच हा शब्द वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

रायपूरचा संबंध कोणता?

रायपुरातील एखादा वाचक विचारील की, या साऱ्याशी इथल्या माणसाचा काय संबंध? महानदी उगम पावते ती धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगरात. तिला पाणी मिळते ते पावसाचे. बर्फाचा थेंबही तिच्यात नाही. रायपूरची तहान भागविणारी खारून नदीही पावसावरच जगते. नकाशापुरते हे सारे खरे आहे. परंतु अर्थव्यवहाराचा नकाशा निराळा असतो.

हिमालयातील बर्फ ज्या उष्णतेने वितळत आहे, तिच्या मुळाशी कोळशाचा धूर आहे. आणि देशात कोळसा काढणाऱ्या राज्यांत छत्तीसगड अग्रभागी आहे. दरसाल वीस कोटी टनांच्या आसपास कोळसा या भूमीतून बाहेर पडतो. कोरबा जिल्ह्यातील गेवरा ही खाण जगातील सर्वांत मोठ्या कोळसा खाणींपैकी एक गणली जाते. रायपूरच्या वेशीवरील सिलतरा आणि उरला येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या भट्ट्याही कोळशावरच पेटतात. दुसरीकडे जांजगीर-चांपा, बलौदाबाजार, महासमुंद या जिल्ह्यांतील भूमिहीन कुटुंबे धानाची कापणी उरकली की पोटासाठी घर सोडतात. कोणी उत्तर प्रदेशातील वीटभट्ट्यांवर जाते, कोणी थेट काश्मीर-लडाखमधील बांधकामांवर. इथला कोळसा एका वाटेने जातो, इथला माणूस दुसऱ्या वाटेने. आणि दोन्ही वाटा अखेर हिमालयाशी येऊन मिळतात. तेव्हा हा प्रश्न परका नव्हे.

सरोवर एका रात्रीत वाढत नाही

हिमनदी म्हणजे उतारावरून अत्यंत संथ गतीने सरकणारा बर्फाचा प्रचंड साठा. सरकताना ती डोंगराचे दगड, माती आणि चिखल पुढे लोटीत नेते आणि आपल्या टोकाशी त्यांचा बांध रचते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. हवामान तापू लागले की हिमनदी मागे हटते. तिने मोकळ्या केलेल्या खोलगट जागेत वितळलेले पाणी साचते आणि त्याला अडविणारा तो दगडमातीचा बांध धरणाचे काम करू लागतो. परंतु हे धरण कोणा स्थापत्यशास्त्रज्ञाने बांधलेले नसते. त्यात पाया नसतो, सांडवा नसतो. उलट त्याच्या पोटात बर्फ गाडलेला असतो आणि तोही हळूहळू वितळत असतो. साचलेले पाणी हिमनदीच्या टोकाला खालून कुरतडते, बर्फाचे कडे तुटून पाण्यात पडतात, सरोवर आणखी मागे पसरते. म्हणजे एकदा सुरू झालेली वाढ स्वतःच स्वतःला पोसू लागते. अशा वेळी वरच्या कड्यावरून दरड अथवा हिमकडा सरोवरात कोसळला तर उठणारी लाट बांधावरून उसळते, बांध कापत जाते, आणि दशकानुदशके साचलेले पाणी काही तासांत दरीत उतरते.

या साऱ्या प्रक्रियेत आकस्मिक असतो तो केवळ शेवटचा क्षण. त्याआधीची वाढ वर्षानुवर्षे चाललेली असते. ती डोळ्यांनी दिसते आणि मोजताही येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, भारतातील नद्यांच्या हिमालयीन खोऱ्यांत दहा हेक्टरांहून मोठी अशी २,४३१ सरोवरे आढळली. त्यांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीय वाढली असून त्यांतील ६०१ तर दुपटीहून अधिक फुगली आहेत. वाढलेल्या सरोवरांपैकी १३० भारताच्या हद्दीत आहेत. हिमाचल प्रदेशातील घेपांग घाट हे सरोवर १९८९ मध्ये ३६ हेक्टरांचे होते. २०२२ मध्ये ते १०१ हेक्टरांचे झाले.

बर्फाची कथाही तीच. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने हेरगिरीसाठी सोडलेल्या उपग्रहांची छायाचित्रे पुढे खुली झाली. त्यांच्या आधारे शास्त्रज्ञांनी हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्यांची तुलना केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट झाला आहे. काठमांडू येथील पर्वतीय विकासाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये सांगितले की, २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. जे इतक्या काटेकोरपणे मोजले गेले आहे, त्याला ‘अकल्पित’ म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

लोनाकचा घटनाक्रम

उत्तर सिक्कीममधील दक्षिण लोनाक सरोवराचा घटनाक्रम या लबाडीचा पुरेपूर पुरावा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील हे सरोवर १९७० च्या दशकाच्या मध्यात चौरस किलोमीटरच्या पाचव्या भागाएवढे होते. २०२३ पर्यंत ते १·६७ चौरस किलोमीटर, म्हणजे आठपट झाले. २०१३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हे सरोवर फुटण्याचा धोका मोठा असल्याचे लिहून ठेवले. २०१६ मध्ये सरोवरात नळ टाकून सायफनने पाणी उतरविण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे राज्यकर्त्यांना धोका ठाऊक होता. तरीही त्याच नदीवर, सरोवराखाली साठेक किलोमीटरवर, चुंगथांग येथे १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण उभे राहतच होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याची वीज सुरू झाली. २०२० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने हिमसरोवरांबाबत मार्गदर्शक तत्त्वांचे पुस्तकच काढले. २०२१ मध्ये याच सरोवराच्या संभाव्य पुराचे गणित मांडणारा आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सरोवराच्या बाजूचा गोठलेला हिमोढ पाण्यात कोसळला. पुढील संशोधनात त्याचे आकारमान सुमारे दीड कोटी घनमीटर भरले. त्यामुळे उठलेल्या लाटेने बांध फोडला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी दरीत सुटले. उपग्रहाच्या छायाचित्रात २८ सप्टेंबरला १६७ हेक्टर दिसणारे सरोवर ४ ऑक्टोबरला ६० हेक्टरांवर आले होते. पाण्याला चुंगथांगपर्यंत पोहोचावयास तासाहून अधिक अवधी लागला. सरोवरावर धोक्याची सूचना देणारी पुरी यंत्रणा असती, तर तेवढा अवधी माणसे डोंगरावर चढण्यास आणि धरणाचे दरवाजे उघडण्यास उपयोगी पडला असता. तशी यंत्रणा नव्हती. धरण वाहून गेले, आणि त्याच्या जलाशयातील पाण्याने खालच्या दरीतील पुराचे बळ आणखी वाढविले. ५५ माणसे मेली, ७४ बेपत्ता झाली. त्यांत काठावर राहणारे रहिवासी होते, मजूर होते, लष्कराचे जवान होते.

या धरणावर सुमारे १४,००० कोटी रुपये खर्ची पडले होते. हिमसरोवरांचा धोका कमी करण्याचा केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला तो या संहारानंतर, जुलै २०२४ मध्ये; आणि सिक्कीम, अरुणाचल, हिमाचल व उत्तराखंड या चारही राज्यांसाठी मिळून त्याला मिळाले १५० कोटी रुपये. एका धरणासाठी जेवढे रुपये ओतले गेले, त्यांच्या जेमतेम शंभराव्या हिश्शात चार राज्यांतील माणसांचे प्राण वाचवावयाचे आहेत. सत्ताधाऱ्यांच्या लेखी माणसाची किंमत किती, हे सांगावयास यापरते दुसरे कोष्टक नको.

चार पळवाटा

या उघड्या हिशेबातून निसटण्यासाठी चार पळवाटा काढल्या जातात.

पहिली पळवाट दैवाची. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबारी ताल फुटले आणि हजारो यात्रेकरू, खेचरवाले, हमाल व दुकानदार गाडले गेले, तेव्हा देवाच्या कोपाच्या कथा गावोगाव पसरविल्या गेल्या. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये दिलेल्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली, २०१४ मध्ये आपला अहवाल दिला. तपासलेल्या २४ जलविद्युत प्रकल्पांपैकी २३ प्रकल्प नकोत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. देवाने नव्हे, माणसांच्याच समितीने दिलेला हा इशारा होता, आणि तो बासनात गुंडाळणारेही माणसेच होती.

दुसरी पळवाट शास्त्राच्या नावाने निघते. २००७ साली आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे एक निराधार विधान शिरले. जानेवारी २०१० मध्ये समितीने त्याबद्दल खेद व्यक्त केला. तेवढ्या एका चुकीच्या सालाचे भांडवल करून ‘बर्फ वितळतच नाही’ असा कांगावा करणारे लोक आजही आहेत. चूक दाखविणारे शास्त्रज्ञच होते आणि ती कबूल करणारेही शास्त्रज्ञच होते. ही शास्त्राची दुर्बलता नसून बळ आहे. साल चुकले म्हणून दिशा चुकली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक मोजमापाने बर्फाची घट अधिकच पक्की केली आहे.

तिसरी पळवाट गरिबांकडे बोट दाखविते. हिमनद्यांवर काजळीचा थर बसतो, काळा पडलेला बर्फ सूर्याची उष्णता अधिक शोषतो आणि लवकर वितळतो, हे खरे आहे. ही काजळी चुलींतून, वीटभट्ट्यांतून, डिझेलच्या वाहनांतून आणि कारखान्यांतून येते, हेही खरे. परंतु चर्चेत प्रथम पुढे केली जाते ती गरीब बाईची चूल! ती बाई हौसेने गोवऱ्या जाळीत नाही. सिलिंडरचा भाव तिला परवडत नाही म्हणून जाळते. वीटभट्टीवर राबणारे छत्तीसगडी कुटुंब भट्टीचे मालक नसते. तोच धूर सर्वांआधी त्याच्या छातीत जातो. आणि ज्या देशांतून हे उपदेश येतात, तेथे काय आहे? अमेरिकेतील माणसामागे वर्षाकाठी सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडला जातो, भारतातील माणसामागे सुमारे २ टन. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साचलेल्या कर्बवायूचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. साम्राज्यवादी देशांनी दोनशे वर्षे धूर सोडावा आणि तिसऱ्या जगातील बाईने आपल्या चुलीबद्दल माफी मागावी, हा न्याय उफराटा आहे.

मात्र या युक्तिवादाची ढाल करून देशी भांडवलदारांना तिच्यामागे लपू देता कामा नये. ‘भारतातील माणसामागे दोन टन’ ही सरासरी आहे. ज्याच्या घरात दहा वातानुकूलन यंत्रे आहेत तो आणि ज्याच्या झोपडीत एक दिवा आहे तो, अशा दोघांना एकत्र भागून ती काढलेली आहे. दरवर्षीच्या एकूण धुराचा हिशेब केला तर भारत आज जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि तो धूर झोपडीचा नव्हे. परदेशात गरिबांच्या नावाने सवलत मागावयाची आणि देशात ती श्रीमंतांच्या पदरात टाकावयाची, ही हातचलाखी ओळखलीच पाहिजे.

चौथी पळवाट सर्वांत आधुनिक. जलविद्युत ही ‘स्वच्छ वीज’ आहे, तिला विरोध करणारा प्रगतीला विरोध करतो, असे सांगितले जाते. वीज हवीच, याबद्दल वाद नाही. परंतु वीज कोठे निर्माण करावयाची, तीतून कोणाला काय मिळणार आणि धोका कोणी पत्करावयाचा, हे ठरविणार कोण? सिक्कीममधील झोंगू येथील लेपचा जनतेने २००७ पासून उपोषणे करून तीस्ता खोऱ्यातील काही प्रकल्प रद्द करावयास लावले, तेव्हा तिला विकासविरोधी ठरविण्यात आले. २०२३ च्या त्या रात्रीनंतर विकासविरोधी कोण, याचा निकाल तीस्तेनेच दिला आहे. निसर्गावर मिळविलेल्या प्रत्येक विजयाचा निसर्ग सूड घेतो, हे बजावताना एंगल्सने १८७६ मध्येच आल्प्स पर्वताचा दाखला दिला होता. दक्षिण उतारावरील जंगले तोडणाऱ्यांना आपण झऱ्यांचे पाणी तोडतो आहोत आणि पावसाळ्यात मैदानावर पुराचे लोंढे सोडतो आहोत, याची कल्पना नव्हती, असे त्याने म्हटले. त्या लाकूडतोड्यांना अज्ञानाची सबब तरी होती. आजच्या कंत्राटदारांकडे उपग्रहाची छायाचित्रे आहेत.

ब्लाटेन आणि तपोवन

आल्प्सचाच आजचा दाखला पाहा. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातील ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी कोसळलेल्या हिमनदीखाली जवळजवळ संपूर्ण गाडले गेले. परंतु वरच्या डोंगराच्या हालचालीवर पाळत होती. म्हणून सुमारे ३०० रहिवाशांना गुराढोरांसह काही दिवस आधीच हलविण्यात आले होते. गाव गेले, प्राण गेला तो एकाच माणसाचा.

आता उत्तराखंडातील तपोवन पाहा. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या कड्यावरून खडक आणि बर्फ यांचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरांचा ढिगारा सुटला. तेथे सरोवर फुटले नव्हते. तरी तापत्या पर्वतांच्या दरीत माणसे कोणत्या भरवशावर कामाला लावली जातात, हे त्या दिवशी दिसले. ऋषिगंगा प्रकल्प पुसला गेला आणि तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात चिखल भरला. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक. त्यांत बहुसंख्य प्रकल्पांवर राबणारे मजूर. रविवारचा दिवस, उजेडाची वेळ. पण बोगद्यातील माणसाला सावध करणारा भोंगा नव्हता. ऋषिगंगेच्या काठचे रैणी हे गाव म्हणजे १९७४ साली गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारून ठेकेदारांना परतविले ते गाव. प्रकल्पांविरुद्ध दाद मागावयास गेलेल्या रैणी व जोशीमठ येथील पाच जणांची याचिका जुलै २०२१ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने फेटाळली आणि प्रत्येकावर दहा हजार रुपयांचा खर्च बसविला.

दोन्हीकडे पर्वत तोच नियम पाळतो. फरक आहे तो खाली उभ्या असलेल्या माणसाच्या सामाजिक स्थानात. ब्लाटेनच्या गावकऱ्याच्या मागे त्याचे राज्य उभे होते. तपोवनच्या मजुरामागे होता तो मुकादम, आणि त्याच्या खिशात होती ती आगाऊ उचल. ‘गरीब देशाला हे परवडत नाही’ असे कोणी म्हणेल, तर त्याने शेजारच्या नेपाळकडे पाहावे. नेपाळने २००० मध्ये त्सो रोल्पा सरोवराची पातळी कालवा काढून तीन मीटरांनी उतरविली आणि २०१६ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरातील इम्जा सरोवराची पातळीही तशीच खाली आणली. चंद्रावर यान उतरविणाऱ्या भारतास हे अशक्य आहे काय?

कोळशाच्या मालकांना न्यायालयात खेचणारा शेतकरी

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात वाराझ नावाचे शहर आहे. त्याच्यावर पाल्काकोचा हे हिमसरोवर आहे. १९४१ च्या डिसेंबरात ते फुटले, तेव्हा शहराचा मोठा भाग नष्ट होऊन हजाराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर पेरूने अनेक सरोवरांचे पाणी कालवे आणि बोगदे काढून उतरविले. परंतु तापत्या हवेत पाल्काकोचा पुन्हा फुगले. २०१५ मध्ये वाराझच्या साउल लुसियानो ल्युया या शेतकऱ्याने जर्मनीतील आरडब्ल्यूई या बलाढ्य वीज कंपनीला जर्मनीच्याच न्यायालयात खेचले. त्याचा युक्तिवाद साधा होता. जगातील औद्योगिक धुरात या कंपनीचा वाटा ०·४७ टक्के आहे; तेव्हा सरोवरापासून बचाव करण्याच्या खर्चापैकी तेवढा वाटा तिने द्यावा. रक्कम झाली सुमारे १७,००० युरो.

कंपनीसारखीला ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. तरीही ती दहा वर्षे भांडली, कारण प्रश्न रकमेचा नव्हता, तत्त्वाचा होता. ब्लाटेन गाडले गेले त्याच दिवशी, २८ मे २०२५ रोजी, हाम शहरातील उच्च न्यायालयाने निकाल दिला. शेतकऱ्याच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. परंतु धूर सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दूरदेशीच्या हानीबद्दलही जबाबदार धरता येते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. शेतकरी दावा हरला, पण ‘निसर्गाचा कोप’ हा बचावही त्या दिवशी हरला.

हा धागा कोरब्यापर्यंत आणि रायपूरपर्यंत येतो. हसदेव अरण्यातील आदिवासी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत रायपुरात आले, ते आपले जंगल कोळशाच्या खाणींपासून वाचविण्यासाठी. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगडच्या विधानसभेने हसदेवातील खाणींविरुद्ध एकमताने ठराव केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये, राजस्थान सरकारच्या वीज कंपनीच्या नावे असलेल्या आणि अदानी समूह चालवीत असलेल्या खाणीसाठी, पोलिसांच्या बंदोबस्तात पुन्हा झाडे पाडली गेली. हसदेवचा आदिवासी, तीस्तेचा लेपचा आणि वाराझचा शेतकरी एकमेकांची भाषा जाणत नाहीत. परंतु एकाच साखळीच्या तीन कड्यांना ते हात घालीत आहेत.

खाणकामगाराचा प्रश्न

येथे एक आक्षेप येतो, आणि तो शत्रूकडून नव्हे, तर कामगारांच्या गोटातूनच येतो. कोळशाविरुद्ध बोलणे म्हणजे कोरब्याच्या खाणकामगाराच्या पोटावर पाय देणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याच्या घामावर देशातील दिवे लागले, त्याला एके दिवशी ‘पर्यावरणा’च्या नावाने घरी बसविण्याचा डाव खचित रचला जाईल, आणि त्याचा पगार बुडवून वाचलेला पैसा सौर ऊर्जेच्या नव्या मक्तेदारांना दिला जाईल.

परंतु खाणकामगाराचे हित कोळशाच्या मालकाच्या हिताशी एकरूप आहे, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. किती कोळसा काढावयाचा हे कामगार ठरवीत नाही. कायम नोकरीच्या जागी कंत्राटी मजूर आणणारे यंत्र त्याच्याच डोळ्यांदेखत फिरत आहे. खाणीने जमीन गिळलेल्या गावांतील वारस नोकरीसाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरत आहेत. कोळसा आज ना उद्या मागे हटणारच आहे. प्रश्न एवढाच की, त्या बदलाचा खर्च नफा कमावलेल्यांनी सोसावयाचा की राबलेल्यांनी? ही लढाई कामगार संघटनांनी आजच हाती घेतली नाही, तर अटी मालक लिहितील आणि कामगार त्यांवर अंगठा उठवील.

काय मागावयाचे?

म्हणून मोघम हळहळ पुरेशी नाही. मागण्या नेमक्या हव्यात.

धोकादायक ठरलेल्या प्रत्येक हिमसरोवरावर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसली पाहिजे आणि ती चालू आहे की नाही, याचा अहवाल दरमहा जनतेसमोर आला पाहिजे. जेथे शक्य आहे तेथे सरोवरांचे पाणी उतरविण्याचे काम सरकारने स्वतःच्या खर्चाने हाती घेतले पाहिजे. १५० कोटींची भीक नको. एका धरणावर खर्च होतो तेवढा तरी निधी हवा.

हिमसरोवराखालच्या दरीतील प्रत्येक प्रकल्पावर मजुरांची नावनिशीवार नोंद, कामाच्या जागेपर्यंत ऐकू जाणारा भोंगा, वर चढावयाची ठरलेली वाट, आणि मजुराला समजेल अशा भाषेत सूचना असावी. छत्तीसगडी, भोजपुरी, संथाळी अथवा नेपाळी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजी फलक वाचवू शकत नाही. बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक मजुराचा ठावठिकाणा रायपूरच्या सरकारला माहीत असला पाहिजे. माणूस मेल्यावर गावोगाव शोध घेणे ही व्यवस्था नव्हे.

नव्या जाहीर सुनावणीवाचून तीस्तेवर अथवा अन्य कोणत्याही हिमनदीच्या खोऱ्यात धरणाची एक वीटही चढता कामा नये. आणि कोळसा, पोलाद व वीज यांच्या मोठ्या मालकांनी आपल्या धुराच्या प्रमाणात हिमालयीन जनतेच्या बचावाचा व खाणकामगारांच्या पुनर्वसनाचा खर्च भरावा. जर्मनीच्या न्यायालयाने जे तत्त्व मान्य केले, ते भारतातील कायद्यात का येऊ नये?

या मागण्या आपखुशीने मान्य होणार नाहीत. झोंगूच्या लेपचांनी प्रकल्प थांबविले ते उपोषणाला बसून, हसदेवचा ठराव झाला तो ३०० किलोमीटर चालून आलेल्या पायांमुळे. दक्षिण लोनाकच्या वर आजही बर्फ वितळतो आहे, त्याच्या खाली नव्या धरणाचे नकाशे तयार आहेत, आणि इथल्या गावांतून मजुरांच्या टोळ्या स्टेशनाकडे निघाल्या आहेत. पुढचे सरोवर कोणते, याचा अंदाज शास्त्रज्ञ देतील. त्याच्या खाली माणसे बेसावध उभी राहणार की संघटित, हे मात्र कामगार-किसानांच्या चळवळीने ठरवावयाचे आहे.